एप्रिलमधला नकाशा

मला नकाशा वाचता येतो, हे सांगताना मी कधी आढेवेढे घेत नाही. काही बायकांना लुगड्याचा पोत नुसत्या बोटांनी कळतो, तसा मला आकाशातून टिपलेल्या छायाचित्रात जमिनीचा पोत कळतो. हे तळं, ही नारळाची बाग, ही वीटभट्टी, हा नव्या लेआउटचा आखून ठेवलेला रस्ता. बंगळूरच्या भोवतालची जमीन मी वीसेक वर्षं अशीच पाहिली, इंदिरानगरातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात, पंख्याखाली बसून. नव्याने नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात ऐकवत असे की माझ्या नकाशाला कधी दुरुस्ती लागत नाही.

आमचं घराणं या गावात किती पिढ्यांचं, ते आता आम्हालाही धड सांगता येत नाही. घरात मराठीच, पण ती कन्नडच्या शेजारात वाढलेली. आई चहात 'स्वल्प' साखर घालायची आणि आम्ही तिच्या प्रत्येक हुकुमाला 'सरी', म्हणजे बरं, म्हणायचो. ऑफिसातले आमचे साहेब पुण्याहून आलेले, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. माझी मराठी ऐकून ते गालातल्या गालात हसायचे आणि त्यांच्या दर वाक्यातलं 'अ‍ॅक्च्युअली' ऐकून मी हसायचे. एकंदर आमचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी शहरासाठी एक हरित आराखडा तयार झाला. शहर आणि बन्नेरघट्ट्याचं जंगल यांच्यामध्ये झाडांचा एक रुंद पट्टा उभा करायचा, म्हणजे घरं जंगलाला जाऊन भिडणार नाहीत, हवाही सुधारेल. ऐकायला झकास. पण पट्टा हवेत तर उगवणार नव्हता, कुणाच्या तरी जमिनीवरच येणार होता. म्हणून त्याचा शेतजमिनीवर आणि वनजमिनीवर काय परिणाम होईल, ते तपासायचं काम आमच्या छोट्या ऑफिसकडे आलं. नकाशा मी करायचा, अहवाल साहेबांनी लिहायचा. नकाशात जे शेत किंवा वन ठरेल त्याला हात लागणार नव्हता. जे पडीक ठरेल ते ताब्यात घेऊन तिथे झाडं लावली जाणार होती. म्हणजे कोणत्या तुकड्याला मी कोणता रंग देते, त्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

मी नेहमीप्रमाणे एप्रिलमधली छायाचित्रं घेतली. ही माझी खास युक्ती. पावसाळ्यात ढग असतात, हिवाळ्यात सकाळचं धुकं असतं, एप्रिलमध्ये मात्र सगळं लख्ख दिसतं. झाडांची गर्दी दिसली की वन, आखीव हिरवे चौकोन दिसले की शेत, आणि नुसती भुरी माती दिसली की पडीक. दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून बसले. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे, आनेकलच्या बाजूला, एका तळ्याकाठी भुऱ्या जमिनीचे बरेच तुकडे होते. त्यातल्या एकावर काळपट ढिगारे दिसत होते. शहराच्या कडेला मोकळी जागा दिसली की लोक पाडलेल्या घरांच्या विटा-फरश्या आणून ओततात, हे बंगळुरातलं शेंबडं पोरही सांगेल. मी त्या तुकड्यावर लिहिलं, 'पडीक, राडारोडा'. त्याला लागून गर्द हिरवं होतं, तिथे लिहिलं, 'वन'. आणि पुढच्या तुकड्याला लागले.

निकाल असा काही सुबक आला की साहेब खुर्ची सोडून माझ्या टेबलाशी आले. शेतीला जवळपास धक्का नाही, वनाला अजिबात नाही, झाडं सगळी पडीक जमिनीवर.

"मॅडम, अ‍ॅक्च्युअली हे फारच छान झालंय," ते म्हणाले. "आता फक्त चार फोटो हवेत. तो राडारोड्याचा तर हवाच. किती घाण जागा हिरवी होणार आहे, ते लोकांना दिसू दे."

"मी काढून आणते. माझं घर एचएसआर लेआउटमध्ये, तिथून जवळच पडतं."

खरं तर मला माझंच काम प्रत्यक्षात बघायची हौस आली होती. शनिवारी सकाळी, ऊन तापायच्या आत, मी माझी जुनी गाडी काढली, उड्डाणपुलावरून इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकली आणि तासाभरात त्या तळ्याशी पोचले. फोनवर नकाशा उघडून चालत त्या तुकड्यापर्यंत गेले. ढिगारे होते. गुडघाभर उंचीचे, काळपट. एक बाई डोक्यावरची पाटी त्यातल्याच एकावर रिकामी करत होती. चाळिशीची असेल, पदर कमरेला खोचलेला. मला वाटलं, राडारोडा टाकणाऱ्यांपैकीच ही एक, आयती सापडली. माझा पारा चढला.

"हे इथे टाकायची परवानगी कुणी दिली?" मी कन्नडमध्ये विचारलं. आमचं सगळं बोलणं कन्नडमध्येच झालं, इथे ते माझ्या मराठीत सांगते.

"परवानगी?" तिने पाटी खाली ठेवली. "माझ्या शेतात माझ्या गाईचं शेण टाकायला?"

"शेत कुठे आहे इथे?"

"तुम्ही उभ्या आहात ते काय आहे, अम्मा?"

मी अशी सहजासहजी हटणारी नव्हे. मी तिला फोन दाखवला. हा तुकडा, हे ढीग, हे काय लिहिलंय बघा, राडारोडा, म्हणजे विटा आणि सिमेंट. ती वाकली, ढिगातलं मूठभर उचललं, माझा हात धरून तळवा वर केला आणि त्यावर ठेवलं.

"वास घ्या," म्हणाली.

घेतला. वर्षभर कुजलेलं शेणखत होतं. हलकं, भुसभुशीत, मध्ये मध्ये चुलीतली राख. विटेचा तुकडासुद्धा नव्हता.

मग तिने मला पहिलीतल्या मुलीला समजवावं तसं समजावलं. वर्षाचं खत खड्ड्यात साठवायचं, उन्हाळ्यात पाटीपाटीने शेतात आणायचं, पाच-सहा पावलांवर एकेक ढीग घालायचा आणि नांगरटीच्या आधी सगळीकडे सारखं पसरायचं. पुढे पाऊस स्थिरावला की रागी पेरायची, मध्ये अवऱ्याच्या, म्हणजे वालाच्या, ओळी. वर्ष संपता संपता कापणी. त्यानंतर पुन्हा उन्हाळाभर जमीन अशीच उघडी. तिने टाचेने माती उकरली, खाली रागीची धसकटं होती. जिला तुम्ही महाराष्ट्रात नाचणी म्हणता ती ही रागी. आठवड्यातून दोनदा तिच्या पिठाचे उकडलेले गोळे, आमचे 'मुद्दे', मी लहानपणापासून खात आले आहे. ती पेरतात कधी, कापतात कधी, हे मला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्याहून मला लागलं ते वेगळंच. ढीग ओळीत होते. राडारोडा कुणी दोरी धरून ओळीत टाकत नाही. त्या ओळी मला छायाचित्रातही दिसल्या होत्या. दिसूनही मी क्षणभर थांबले नव्हते, कारण मला सगळं कळतं याची मला खात्री होती. स्वतःचाच इतका राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता.

बांधावर बसून मी तिला आराखड्याबद्दल सांगितलं. तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलेलं नव्हतं. ती ऐकत होती आणि हातातली पाटी उगाच फिरवत होती.

"झाडं? माझ्या शेतात?"

"नकाशात तुमचं शेत पडीक आहे, अक्का. पडीक जमिनीवर झाडं लागणार."

"पडीक कुणी लिहिलं?"

"मी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग पुसा," म्हणाली.

शाळेच्या पाटीवरचं अक्षर पुसावं इतक्या सहज म्हणाली ती. जमीन जेमतेम दोन एकर. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीच्या गेटवर पहारा देतो. त्याच्या पगारात दोघी मुलींची शाळा भागते, घर मात्र या रागीवर चालतं आणि गाय रागीच्या काडावर. दोन एकर गेले तर सगळंच कोलमडणार होतं. तिने हे रडून सांगितलं नाही, चार वाक्यांत सांगून मोकळी झाली.

"आणि ते जंगल?" मी पलीकडच्या हिरव्या गर्दीकडे बोट दाखवलं. निदान तिथे तरी आपलं बरोबर असेल अशी मला आशा होती.

आता ती हसली. "जंगल कसलं? ती नीलगिरी. मालक शहरात राहतो, काही वर्षांनी येऊन तोडून नेतो. खाली गवतसुद्धा उगवत नाही. हत्तीसुद्धा तिथे थांबत नाही, अम्मा. त्यातून सरळ चालत येतो आणि माझी रागी खातो."

म्हणजे शेताला मी पडीक म्हटलं होतं आणि लाकडाच्या वखारीला वन. हत्तीला फरक कळत होता, मला कळला नव्हता.

हत्तीचं ऐकून मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिकाचं नुकसान झालं तेव्हा भरपाईसाठी अर्ज केला होता का, मी विचारलं. केला होता, तीनदा. ती घरी गेली आणि एका पिशवीत जपून ठेवलेले कागद घेऊन आली. वनखात्याची माणसं येऊन बघून गेली होती आणि प्रत्येक कागदावर जमिनीच्या नंबरासमोर लिहिलेलं होतं: रागी, उभं पीक, हत्तीकडून नुकसान. मी त्या कागदांचे फोटो काढले. चार फोटो न्यायचे होते, तीन असे मिळाले. चौथा मी खताच्या ओळींचा काढला.

सोमवारी मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले आणि नकाशा नव्याने करायचा आहे म्हणून सांगितलं.

"एका शेतासाठी, मॅडम?"

"एका नाही. सगळा पट्टा मी एकाच रीतीने पाहिलाय. इथे चूक झाली म्हणजे सगळीकडे तीच झाली."

"अहवाल शुक्रवारी द्यायचाय."

"द्या की. माझं नाव तेवढं काढा त्यावरून."

ते मग म्हणाले, "असं करू, जमिनीच्या उताऱ्यांवर पीक काय लिहिलंय ते बघू. अ‍ॅक्च्युअली तेवढं पुरेल." बोलता बोलता त्यांनाच हसू आलं, मलाही आलं. उताऱ्यावरचं पीक वर्षानुवर्षं तेच उतरवून काढलेलं असतं. चौदा मजल्यांची इमारत उभी राहिली तरी कागदावर तिथे रागीच डोलत असते. त्या कागदावर आमच्या धंद्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

मी हत्तीचे कागद त्यांच्यासमोर ठेवले. "हत्ती उतारा वाचून येत नाही, साहेब. पीक असतं म्हणून येतो."

त्यांना कन्नड वाचता येत नव्हतं, मी ओळ न् ओळ वाचून दाखवली. ते बराच वेळ चष्म्याची काडी चावत बसले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता इतकंच. "ताई," ते म्हणाले, आणि मला त्यांनी ताई म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, "मुदत मी मागून घेतो. बोलणी खावी लागतील ती मी खातो. तुम्ही नकाशा करा."

केला. पीक उभं असतानाची, हिवाळ्यातली छायाचित्रं मागवली. जिथे धुक्याने काही दिसत नव्हतं तिथे पायी गेले. रोज सकाळी गाडी काढायची, दुपारपर्यंत बांधाबांधाने फिरायचं, दिसेल त्याला विचारायचं की इथे काय पेरता. चपलांचे दोन जोड झिजले आणि नाक सोलवटून निघालं, पण मला त्या दिवसांत जी मजा आली ती पंख्याखाली वीस वर्षांत आली नव्हती. नीलगिरीही मी वेगळी काढली. सारख्या वयाची, सारख्या उंचीची झाडं, एकदा ओळखायला शिकलं की चुकणं कठीण. नवा नकाशा झाला तेव्हा पडीक जमीन निम्म्याहून कमी उरली होती, शेती पसरली होती, आणि वनही पुष्कळ आक्रसलं होतं. दिसायला तो पहिल्यासारखा सुबक नव्हता. पण खरा होता.

आराखडा करणाऱ्यांसमोर बैठक झाली. साहेबांनी सुरुवात करायच्या आधी मीच उठले. "पहिला नकाशा मी केला होता आणि तो चुकीचा होता," मी म्हणाले. खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. एका वयस्कर अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग दुसरा बरोबर कशावरून?"

"या वेळी मी तिथे जाऊन आले."

मग मी पडद्यावर हत्तीचे कागद दाखवले. कुणीतरी हसलं, पण ते अधिकारी हसले नाहीत. त्यांनी तिन्ही कागद वाचले आणि तो तळ्याकाठचा तुकडा मोठा करून दाखवायला सांगितला. पुढे आणखी दोन बैठका झाल्या, भांडणं झाली, त्यातली काही मी केली. शेवटी पत्र आलं. त्या भागातला पट्टा सरकवला होता. तळ्याकाठची रागीची शेतं वगळली होती आणि त्यांच्याऐवजी नीलगिरीच्या जागेसाठी मालकाशी बोलणी करायचं ठरलं होतं. मी ऑफिसात म्हैसूरपाक वाटला. साहेबांनी दोन तुकडे घेतले.

ही बातमी अक्काला फोनवर सांगता आली असती. पण शाबासकी फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मी स्वतः गेले.

जानेवारीतली सकाळ होती. गावाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर रागीची कणसं काडासकट अंथरली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी त्यावरून जायचं आणि चाकांखाली दाणे सुटायचे, अशी इथली मळणी. अक्का कडेला झाडू घेऊन उभी होती. मी गाडी जपून, हळूहळू त्यावरून नेली. तिने काचेशी येऊन सांगितलं, "एवढं हळू नका. मागे घ्या आणि परत या." मी मागे घेतली आणि परत आले. अशा चार फेऱ्या झाल्यावर तिचं समाधान झालं आणि मला उतरू दिलं.

मी तिला पत्र वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. नंतर माझ्या हातातून घेतलं आणि आपल्या जमिनीचा नंबर बोटाने शोधला. तो सापडल्यावर ती रस्त्याच्या कडेलाच बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मीही तिच्या शेजारी बसले. मला अगदी भरून आलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःचा अभिमानही वाटत होता.

"तुम्ही आलात म्हणून राहिलं हे," ती म्हणाली. "माझ्या अण्णाच्या शेतावर कुणी आलंच नाही."

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तिचं माहेर सर्जापूरच्या बाजूला. तिथे तळ्याला लागून त्याचं दीड एकर रागीचं शेत होतं. आजोबांपासून कसलेलं, पण कागद सरकारच्या नावाचा. काही वर्षांपूर्वी तिथे झाडं लावायचं ठरलं. नकाशात जमीन पडीक निघाली, आणि आपण ती कसतो हे दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. तिकडे हत्तीही येत नाहीत. आता तो त्याच जागेतल्या झाडांना रोजंदारीवर पाणी घालतो आणि वर्षाची रागी बहिणीकडून नेतो.

ती गावाचं नाव बोलली तेव्हाच मला कळलं होतं. तळ्याचं नाव घेतल्यावर शंका उरली नाही. तो नकाशा माझा होता. असाच एप्रिलमधला, आणि मला आठवतं, त्या गावाचे सगळे तुकडे मी एका दुपारी उरकले होते.

गप्प बसता आलं असतं. तिला कुठून कळणार होतं? पण पत्र अजून तिच्या हातात होतं.

"अक्का, अण्णाचा नकाशाही मीच केला होता."

ती माझ्याकडे वळली. "मग तेव्हा का आला नाहीत?" आवाज चढलेला नव्हता. लग्नाला न आलेल्या नातेवाइकाला विचारावं तसं तिने विचारलं.

मुदत कमी होती, असं सांगता आलं असतं. तशी पद्धत नव्हती, असंही सांगता आलं असतं.

"गरज वाटली नाही," मी म्हणाले.

ती उठली. बराच वेळ तिने नुसतं झाडलं, डांबरावर विखुरलेले दाणे काडाखाली लोटत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णा रविवारी येतोय, रागी न्यायला. त्याला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

रविवारी मी गेले. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून पोत्यात दाणे भरत होता. पन्नाशीचा, बारीक, हाताला ओल्या मातीचे डाग. मी त्याच्यासमोर खाली बसले, कुठल्या ऑफिसातून आले ते सांगितलं, आणि म्हणाले, "अण्णा, तुमचं शेत पडीक आहे असं मी लिहिलं होतं."